छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाचं डिझाईन: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी इंजिन टेस्टिंगच्या कामात आहे म्हटलं की लोक टर्बोबद्दल विचारतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. क्रम असा काही लावलेला नाही, आठवेल तसं लिहिलंय. आकडे आहेत पण घाबरू नका, गुणाकार भागाकाराच्या पुढे काही नाही.

१ लिटरचं इंजिन दीड लिटरएवढी ताकद देतं म्हणजे आत नक्की काय होतं?

सगळा खेळ हवेचा आहे, पेट्रोलचा नाही. पेट्रोल काय, पंपाने हवं तेवढं ढकलता येतं, पण ते जाळायला हवा लागते, १ ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम. आता १ लिटरचं इंजिन २००० आरपीएमला फिरतंय असं धरा. फोर स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा घेणार, मिनिटाला १००० वेळा १ लिटर, झाले १००० लिटर. वजनात १.२ किलोच्या आसपास आणि तेवढ्या हवेत जेमतेम ८२ ग्रॅम पेट्रोल जळतं. बास, ताकद तेवढीच. जास्त हवी तर तीन रस्ते आहेत, इंजिन मोठं करा, आरपीएम वाढवा, नाहीतर त्याच १ लिटरमध्ये हवा दाबून कोंबा. टर्बो म्हणजे तिसरा रस्ता: बाहेर जाणाऱ्या धुराने एक चाक फिरतं, ते टर्बाईन, आणि त्याच शाफ्टवरचं दुसरं चाक हवा दाबतं, तो कॉम्प्रेसर.

आमच्याकडे हे मोजायला सिलिंडरमधला सरासरी दाब काढतात. चांगल्या साध्या पेट्रोल इंजिनात तो १२ बारच्या आसपास येतो, आणि १ लिटरमधून १७० न्यूटन मीटर टॉर्क काढणाऱ्या टर्बो इंजिनात २१ बारच्या वर. म्हणजे पिस्टन, रॉड, क्रँक, बेअरिंग, हेडचे बोल्ट, गॅस्केट सगळ्यांनी पावणेदोन पट मार खायचा. ७२ मिमी व्यासाचा पिस्टन घ्या, तळहातावर मावतो, त्यावर ज्वलनाच्या क्षणी १०० बार दाब आला तर तो ४ टनांचा दणका होतो आणि २००० आरपीएमला असे दणके एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १००० बसतात. म्हणून सांगतो, साध्या इंजिनाला टर्बो चिकटवला की झालं टर्बो इंजिन असं नसतं, वरपासून खालपर्यंत सगळं वेगळं काढावं लागतं. आणि दाब तरी परवडला, खरी डोकेदुखी उष्णतेची आहे, ती खाली जवळपास प्रत्येक उत्तरात भेटेल.

वाया जाणाऱ्या धुरावर टर्बो चालतो, म्हणजे ही ताकद फुकटच की?

पूर्ण फुकट नाही. पेट्रोलच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा गरम धुराबरोबर बाहेर जातो हे खरं, आणि त्यातली थोडी वसूल करायची ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्येच पेटंट केली होती. पण टर्बाईन म्हणजे शेवटी धुराच्या वाटेत बसवलेला अडथळाच. पिस्टनला धूर बाहेर ढकलायला जास्त जोर लागतो आणि सगळा धूर जातही नाही, थोडा गरमागरम सिलिंडरमध्येच राहतो, तो पुढच्या हवेला तापवतो आणि मग नॉकिंग, म्हणजे ज्योत पोचायच्या आधीच मिश्रण आपोआप भडकणं. स्वस्त म्हणा हवं तर, फुकट नको.

१९०५ ची कल्पना मग घराघरातल्या गाडीत यायला इतकी वर्षं का लागली?

कारण टर्बो बनवणं हा त्यातला सोपा भाग होता, त्याला सांभाळून घेणारं इंजिन नव्हतं. विकायच्या मोटारीत तो पहिल्यांदा १९६२ मध्ये आला, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअर या दोन अमेरिकन गाड्यांत. जेटफायरवाल्यांनी तर कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, १०.२५ ठेवला आणि नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण आत फवारायची टाकी दिली, आता ही वेगळी टाकी कोण आठवणीने भरणार, लोक विसरायचे आणि गाडी मंद व्हायची. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो दुसऱ्या टोकाची, कॉम्प्रेशन थेट ६.९, त्यामुळे कमी आरपीएमला काही दम नाही आणि वर एकदम लाथ. स्वीडनच्या साब कंपनीने ९९ टर्बोत, १९७७-७८ च्या सुमाराला, टर्बो मुद्दाम छोटा घेतला आणि जास्तीचा दाब वेस्टगेट नावाच्या खिडकीने सोडून दिला, ध्येय टॉप स्पीड नाही तर रोजची ओढ. आजची सगळी छोटी टर्बो इंजिनं माझ्या मते त्याच विचाराची पोरं आहेत. फरक एवढाच की आता डायरेक्ट इंजेक्शन, व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा आणि प्रत्येक ठिणगीचा हिशोब ठेवणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मदतीला आहे.

इंटरकूलर खरंच एवढा महत्त्वाचा आहे का?

हो. हा हिशोब स्वतः करून बघा, मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कोणीतरी कागदावर करून दाखवला होता तो अजून लक्षात आहे. बाहेरची हवा ३० डिग्री. टर्बोने तिचा दाब दुप्पट केला. हवा दाबली की तापतेच, सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं तसंच, आणि टर्बोचा कॉम्प्रेसर काही शंभर टक्के कार्यक्षम नसतो, ७० टक्के धरला तर हवा बाहेर येताना १२५ डिग्रीच्या आसपास असते. गरम हवा फुगलेली असते, त्यामुळे दाब दुप्पट झाला तरी प्रत्यक्षात हवा दीडपटच भरली जाते. आता मध्ये इंटरकूलर लावून तीच हवा ५० डिग्रीवर आणा, भरणा १.८७ पट होतो. त्यातलं थोडं इंटरकूलरच्या आत दाब पडतो त्यात जातं, तरी फायदा मोठा आहे. आणि भरण्याहून मोठा फायदा वेगळाच, थंड हवा म्हणजे नॉकिंग लांब.

दोन प्रकार असतात. एक पुढे बंपरमागे बसणारा, हवेने थंड होणारा, साधा आणि टिकाऊ, पण टर्बोपासून तिथपर्यंत आणि परत असा पाईप लांब होतो आणि ती सगळी पोकळी दाबाने भरेपर्यंत इंजिन वाट बघतं. दुसरा पाण्याने थंड होणारा, बऱ्याचदा सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्येच थेट घुसवलेला. पोकळी कमी, प्रतिसाद झटपट, पण त्याला स्वतःचा छोटा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंप लागतो. छोट्या इंजिनाला मला दुसरा आवडतो. ट्रॅफिकमध्ये हवेवाला इंटरकूलर तापून बसतो आणि मग मोकळा रस्ता मिळाल्यावर पहिलं ओव्हरटेक जरा सुस्त होतं, हे बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल पण कारण माहीत नसेल.

टर्बो इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो कमी का ठेवतात?

वर सांगितलं तसं, हवा आधीच दाबून आणि तापवून दिलेली, तिला सिलिंडरमध्ये अजून १२-१३ पट दाबलं तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. तोच नॉकिंगचा खणखणाट. म्हणून साध्या इंजिनात ११ ते १३ असतो तो टर्बोत साधारण ९.५ ते १०.५ वर आणतात. किंमत अशी मोजावी लागते की हळू चालवताना, जेव्हा टर्बो काहीच करत नसतो, तेव्हाही तुम्ही कमी रेशोचं आणि त्यामुळे थोडं कमी कार्यक्षम इंजिन घेऊन फिरत असता. डिझायनरचं अर्धं आयुष्य हा रेशो अर्ध्या आकड्याने वर न्यायला काय काय करता येईल यात जातं.

डायरेक्ट इंजेक्शनशिवाय टर्बो चालत नाही का?

चालतो, आणि व्यवस्थित चालतो. साध्या पोर्ट इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या बाहेरच फवारणारी, टर्बो इंजिनं रस्त्यावर भरपूर आहेत, पंप ३-४ बारचा, आवाज कमी, काजळी कमी. पण पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये २०० ते ३५० बारने फवारलं की ते तिथेच वाफ होतं आणि वाफ होताना आतल्या हवेची उष्णता खेचून घेतं. म्हणजे फुकटचा दुसरा इंटरकूलरच. त्याच्या जिवावर रेशो एखादा आकडा वर नेता येतो.

दुसरी एक युक्ती आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. कमी आरपीएमला इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे ठेवतात, बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा, दाब एक्झॉस्टपेक्षा जास्त असेल तर ताजी हवा आरपार जाते आणि उरलेला गरम धूर धुवून काढते, वर टर्बाईनलाही जास्त वारा मिळतो. पोर्ट इंजेक्शनमध्ये हे केलं तर हवेबरोबर पेट्रोलही सायलेन्सरकडे निघून जाईल, डायरेक्टमध्ये पेट्रोल व्हॉल्व्ह बंद झाल्यावर मारायचं, प्रश्न मिटला. अर्थात आरपार गेलेला ऑक्सिजन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम बिघडवतो, त्यामुळे प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी ही युक्ती जपून वापरायला लागली.

तोटे? इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतला जात नाही म्हणून त्याच्या मागे ऑइलच्या वाफेचा काळा थर चढतो. आणि बारीक कणांची काजळी जास्त होते, युरोपात मर्यादा किलोमीटरला ६ लाख दशलक्ष कणांची आहे म्हणून तिथे पेट्रोल गाड्यांनाही आता पार्टिक्युलेट फिल्टर लागतो. काही कंपन्या दोन्ही इंजेक्टर लावतात, पोर्टचे पण आणि डायरेक्टचे पण. महाग, पण दोन्ही दगडांवर नीट पाय ठेवणारं.

तीनच सिलिंडर का? पैसे वाचवायला ना?

पैसे वाचतात हे खरंच आहे, नाही कशाला म्हणू. पण फक्त तेवढंच नाही. एका सिलिंडरचा आकार ३०० सीसीच्या खूप खाली गेला की आतली भिंत आतल्या वायूच्या मानाने फार जास्त होते आणि उष्णता भिंतीतच निघून जाते. १ लिटरचे तीन भाग केले तर ३३३ सीसी, चार केले तर २५०. तीन बरे. शिवाय एक पिस्टन कमी, रिंगांचा एक सेट कमी, बेअरिंग कमी, घर्षण कमी.

आणि टर्बोच्या दृष्टीने तीन सिलिंडर म्हणजे लॉटरी. फोर स्ट्रोकच्या ७२० डिग्रीत तीन ठिणग्या, म्हणजे दर २४० डिग्रीला एक. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह साधारण तेवढाच वेळ उघडा असतो. म्हणून एकाचा धुराचा झोत संपतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू होतो, टर्बाईनला सुटे सुटे जोरदार धक्के मिळतात. चार सिलिंडरमध्ये ठिणगी दर १८० डिग्रीला, म्हणजे एकाचा व्हॉल्व्ह उघडा असतानाच दुसरा उघडतो आणि त्याचा झोत पहिल्याच्या सिलिंडरमध्ये उलटा शिरायला बघतो. ते टाळायला १-४ आणि २-३ अशा जोड्या करून दोन वेगळ्या वाटांचा ट्विन स्क्रोल टर्बो लावावा लागतो. तिनाला ते लागतच नाही.

मग तीन सिलिंडर थरथरतं का?

वर-खाली हादरत नाही, तिन्ही पिस्टनांचे जोर १२० डिग्रीवर असल्याने एकमेकांना खातात. पण पहिला आणि तिसरा पिस्टन दोन टोकांना असल्यामुळे इंजिन एक पाय आखूड असलेल्या बाजेसारखं एका टोकाला उठतं, दुसऱ्या टोकाला बसतं. त्यावर एक उपाय उलटे झोके देणारा बॅलन्स शाफ्ट, ज्याला फिरवायला ताकद जाते. फोर्डने २०१२ मध्ये आणलेल्या ९९९ सीसीच्या इकोबूस्टमध्ये शाफ्ट टाळून फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम असमतोल बनवली, म्हणजे थरथर संपवली नाही, तर अशा दिशेला वळवली जिकडे इंजिन माउंटिंग ती सहज पचवतं. मला हे फार आवडलं होतं. त्या इंजिनाचा ब्लॉक एका ए-फोर कागदावर उभा राहतो अशी त्याची जाहिरात होती, लोकांना तेच आठवतं, फ्लायव्हीलची गंमत कोणाला आठवत नाही.

दोन सिलिंडर का नाही मग?

फियाटने केलं होतं, २०१० चं ट्विनएअर, ८७५ सीसी. स्वभाव छान, आवाज वेगळाच, पण ज्यांना थरथर खटकते त्यांना ते कधी पटलं नाही.

टर्बो लॅग का होतो, आणि टर्बोचा साईझ कसा ठरवतात?

लॅग म्हणजे पाय दाबल्यावर टर्बो उठेपर्यंत बघावी लागणारी वाट. खरं तर सगळ्या डिझाईनमधला भांडणाचा मुद्दा हाच. मार्केटिंगला वर ताकद पाहिजे असते, ड्रायव्हरला खाली ओढ. मोठा टर्बो वरच्या आरपीएमला भरपूर हवा देतो पण खाली त्याला फिरवण्याइतका धूरच नसतो. छोटा टर्बो खाली लगेच उठतो पण वर गुदमरतो.

छोट्याचा फायदा किती मोठा आहे ते बघा. एकाच घाटाची दोन चाकं घेतली, एक ४० मिमी आणि एक ५०, तर फिरवायला जड जाण्याचं प्रमाण व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. १.२५ चा पाचवा घात म्हणजे ३ च्या किंचित वर. फक्त १० मिमी वाढवले आणि चाक तिप्पट आळशी झालं! म्हणून छोट्या इंजिनाचा टर्बो खरंच चिमुकला असतो, आणि चिमुकला असल्यामुळे त्याला प्रचंड वेगाने फिरावं लागतं. ४० मिमीचं चाक २ लाख आरपीएमला फिरलं तर कडेचा वेग सेकंदाला ४१९ मीटर, म्हणजे आवाजापेक्षा जास्त. वरच्या फोर्डच्या इंजिनात तर टर्बो २ लाख ४८ हजारांपर्यंत जातो. एवढ्या वेगाला साधं बॉल बेअरिंग सहसा वापरत नाहीत, शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो.

१५०० आरपीएमच्या खाली गाडी मेल्यासारखी वाटते ते याचमुळे, धूर नाही तर टर्बो नाही, आणि टर्बो नाही तर तुम्ही एका कमी रेशोच्या १ लिटर इंजिनावर आहात. गिअर एक खाली घ्या, उगाच वरच्या गिअरमध्ये दाबत बसू नका. का ते पुढे येतंय.

वेस्टगेट काय करतं?

टर्बाईनला बगल देऊन धूर सोडायची खिडकी. पूर्वी दाबाने चालायची, आता बऱ्याच इंजिनांत इलेक्ट्रिक मोटरने, त्यामुळे हळू चालवताना ती मुद्दाम उघडी ठेवून इंजिनाला मोकळा श्वास घेऊ देता येतो आणि सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर गरम धूर थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे पाठवता येतो.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर फुस्स होतं, काही फुटलं का?

नाही. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद झाला पण टर्बो फिरतोच आहे, कोंडलेली हवा उलटी कॉम्प्रेसरवर आदळू नये म्हणून एक व्हॉल्व्ह तिला परत आत वळवतो. तो आवाज.

बॉनेट उघडलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सापडतच नाही, कुठे गेला?

हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, आत. नवीन बऱ्याच इंजिनांत तीन सिलिंडरचा धूर हेडच्याच ॲल्युमिनियममध्ये एकत्र येतो आणि बाहेर एकच तोंड निघतं ज्याला टर्बो थेट चिकटतो. आजूबाजूला कूलंट फिरत असतं त्यामुळे टर्बाईनपर्यंत पोचेपर्यंत धूर थोडा थंड होतो, शिवाय थंडीत इंजिन लवकर गरम होतं.

जुन्या पद्धतीचा लोखंडी मॅनिफोल्ड टेस्ट बेंचवर फुल लोडला बघितलाय का कधी? दिवे घालवले की आधी गडद लाल, मग नारिंगी, शेवटी तर टर्बाईनचं घरसुद्धा उजळून निघतं आणि काचेपलीकडे उभं राहून पण चेहऱ्याला उगाच गरम वाटतं. धूर ९५० डिग्रीच्या आसपास असतो, महागडं स्टील वापरलं तर १०५० पर्यंत चालतं. आतलं टर्बाईनचं चाक इन्कोनेलसारख्या निकेलच्या मिश्रधातूचं, विमानाच्या इंजिनात वापरतात त्याच घराण्यातलं.

छोटं इंजिन आहे, मग हायवेला दामटल्यावर ॲव्हरेज का पडतं?

याचं उत्तर वरच्या नारिंगी मॅनिफोल्डमध्येच आहे. धूर मर्यादेबाहेर तापायला लागला की ईसीयू जास्तीचं पेट्रोल मारतो, जाळायला नाही, थंड करायला. प्रमाण १४.७ वरून १२ वर आणलं की २२-२३ टक्के जास्तीचं पेट्रोल नुसतं टर्बाईन वाचवायला खर्च झालं. मॅनिफोल्ड हेडमध्ये घालून पाण्याने थंड करायचा आटापिटा यासाठीच.

छोट्या इंजिनाची बचत मुळात कुठून येते हे कळलं की कोडं सुटतं. पेट्रोल इंजिन हळू चालताना थ्रॉटल जवळपास बंद असतो आणि पिस्टन त्या फटीतून हवा ओढता ओढता ताकद घालवतो. इंजिन छोटं असलं की तेवढ्याच कामाला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, ओढाताण कमी, वर घर्षण कमी. म्हणजे बचत हलक्या पायाला आहे. युरोपातली जुनी टेस्ट सरासरी ताशी ३४ किमीसुद्धा नव्हती, त्यात ही इंजिनं चमकायची. २०१७ पासून तिथे जास्त वेगाची आणि जास्त जोराची टेस्ट आली आणि एक गंमत झाली, इंजिनं अजून अजून छोटी करायची शर्यत थंडावली.

एलएसपीआय म्हणजे काय, आणि त्याला एवढं का घाबरतात?

माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक पिस्टन आहे, वरच्या दोन रिंगांमधली पट्टी एका बाजूने नखाएवढी तुटलेली. बाकी पिस्टन नवा कोरा. बेंचवर १७०० आरपीएमला फुल लोड होता, एकच आवाज आला, हातोडी मारल्यासारखा, आणि कॉम्प्रेशन गेलं.

एलएसपीआय म्हणजे कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटणं. नॉकिंगला नॉक सेन्सर ऐकतो आणि ठिणगी मागे घेतो, पण इथे ठिणगीचा संबंधच नाही, त्यामुळे ईसीयूला करण्यासारखं फार काही उरत नाही. कारण बराच काळ कळत नव्हतं. आता साधारण असं समजलं जातं की सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोलचा फवारा बसतो, तो ऑइलमध्ये मिसळतो, पिस्टनच्या वरच्या फटीतून त्या मिश्रणाचा थेंब उडतो आणि तोच पेटतो. काजळीचा सुटलेला कणही हे करू शकतो. आणि ऑइलमध्ये साफसफाईसाठी जे कॅल्शियमचं रसायन घालतात ते या थेंबाला पेटायला मदत करतं हे कळल्यावर ऑइलवाल्यांनी काही कॅल्शियम काढून मॅग्नेशियम घातलं. ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकन संस्थेचा एसएन प्लस दर्जा २०१८ मध्ये यासाठीच आला आणि मग २०२० मध्ये एसपी.

म्हणून डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात ऑइलचा डबा बघताना नुसतं घट्टपणाचा आकडा बघू नका, एसपी लिहिलंय का ते बघा. आणि पाचव्या गिअरमध्ये १३०० आरपीएमला पाय पूर्ण दाबून चढ चढायचा हट्ट सोडा. इंजिन चढेल, टॉर्क आहे तेवढा, पण तुम्ही त्याला नेमकं त्या कोपऱ्यात ढकलताय जिथे हे होतं.

ऑइल बदलायला थोडा उशीर झाला तर चालेल का?

साध्या इंजिनात निभावतं. इथे नको. तेच ऑइल टर्बोचा शाफ्ट तरंगवतं, पिस्टनला खालून फवारा मारून थंड करतं, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारे कॅम फेझर हलवतं. छोट्या छोट्या थंड फेऱ्या असतील तर त्यात पेट्रोल मिसळून ते पातळही होतं. काही इंजिनांत तर टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून फिरतो, घर्षण आणि आवाज कमी म्हणून, पण पेट्रोल मिसळलेल्या ऑइलमध्ये तो बेल्ट फुगतो, त्याचे तुकडे पडतात आणि ते ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. मला विचाराल तर चेनच बरी, थोडी खडखडली तरी.

बंद करण्याआधी इंजिन एक मिनिट चालू ठेवावं का?

शहरात हळू चालवून आलात तर काही गरज नाही. हायवेवरून सुसाट येऊन थेट थांबलात तर ३०-४० सेकंद जाऊ द्या. इंजिन बंद झालं की ऑइल थांबतं, पण टर्बाईनची उष्णता शाफ्टमधून बेअरिंगकडे येतच राहते आणि तिथलं ऑइल जळून कोळसा होतं. आता मधल्या घरात कूलंट फिरतं आणि बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रिक पंप बंद केल्यावरही चालू राहतो. तो घूं आवाज ऐकून बिघाड समजू नका.

उंच डोंगरावर टर्बोला फरक पडत नाही म्हणतात, खरं का?

बरंच खरं. ३००० मीटरवर हवेचा दाब ०.७ बारपर्यंत येतो, साधं इंजिन सरळ ३० टक्के ताकद गमावतं. टर्बो इंजिनाला मॅनिफोल्डमध्ये २ बार पाहिजे असतील तर सपाटीवर हवा दुप्पट दाबावी लागते, तिथे २.९ पट. वेस्टगेट मिटून घेतो, टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि आकडा गाठतो. पण टर्बोलाही वेगाची मर्यादा असते म्हणून ईसीयू एका उंचीनंतर बूस्ट कमी करतो, आणि कमी आरपीएमला लॅग चांगलाच जाणवतो.

टर्बोमुळे अजून काय काय बदलावं लागतं जे कोणी सांगत नाही?

ब्रेक! ब्रेक हलका लागावा म्हणून जो बूस्टर असतो तो मॅनिफोल्डमधल्या निर्वातावर चालतो, आणि इथे मॅनिफोल्डमध्ये निर्वात कमी वेळ मिळतो, म्हणून बऱ्याचदा वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. तसंच क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोक्यातली, वाफ. साध्या इंजिनात ती मॅनिफोल्ड ओढून घेतो, बूस्ट आल्यावर मॅनिफोल्ड उलटा फुंकायला लागतो, म्हणून दुसरी वाट टर्बोच्या आधी काढायची आणि दोन्हीकडे एकतर्फी व्हॉल्व्ह लावायचे. पाच इंचाचा प्लास्टिकचा पाईप, पण तो चिरला की गाडी ऑइल प्यायला लागते आणि लोक टर्बो बदलून बसतात.

मिलर सायकल आणि व्हेरिएबल टर्बो, हे काय नवीन?

इनटेक व्हॉल्व्ह लवकर बंद करायचा, म्हणजे हवा सिलिंडरमध्ये कमी दाबली जाते पण फुगते पूर्ण. दाबायचं काम टर्बो करतो आणि मध्ये इंटरकूलर आहेच, म्हणजे नेहमीपेक्षा थंड भरणा. त्यामुळे रेशो वर नेता येतो, फोक्सवॅगनच्या १.५ टीएसआय इव्होच्या ९६ किलोवॅटच्या इंजिनात तो १२.५ आहे, टर्बो असून! अट एकच, व्हॉल्व्ह लवकर मिटल्याने हवा कमी येते ती भरून काढायला बूस्ट लवकर आणि जास्त पाहिजे, म्हणून धुराच्या वाटेतली पाती हलवून छोटा-मोठा होणारा टर्बो लावतात. डिझेलमध्ये हा कधीचा आहे, पेट्रोलमध्ये धूर जास्त गरम असल्याने पाती अडकायची भीती होती. मला तरी पुढचा रस्ता हाच दिसतो.

माझ्या साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो लावून घेऊ का?

वरचं सगळं वाचून पण हा प्रश्न येतोच. रेशो ११ चा, पिस्टन हलके, खालून ऑइलचा फवारा नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह साधे, इंजेक्टर आणि पंप मोजूनमापून दिलेले, क्लच जुन्या टॉर्कचा. ०.३ बारचा हलका बूस्ट, चांगला इंटरकूलर आणि नीट ट्यूनिंग असेल तर काही इंजिनं तग धरतात. पण ट्यूनरला आधी एकच विचारा, फुल लोडला एक्झॉस्टचं तापमान किती डिग्रीवर धरणार आणि ते कुठे मोजणार. नुसता हॉर्सपॉवरचा आकडा सांगायला लागला तर चावी खिशात टाका आणि निघा.